दहा हजार जनुकसंच वाचले, घरातला एक प्रश्न मात्र राहिला

'जीनोम इंडिया' प्रकल्पातील माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली करण्यात आली. सुमारे दहा हजार निरोगी भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात साठवले गेले. विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही अभिमान वाटावा असेच हे काम आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप आहे तो त्या बातमीभोवती उभ्या राहिलेल्या भाषेला. आता ज्याच्या-त्याच्या जनुकांप्रमाणे उपचार होणार, रोग येण्याआधीच कळणार, अशी ती भाषा आहे. रोग येण्याआधी काही अंशी कळण्याची सोय आपल्याकडे आजही आहे. तिला यंत्र लागत नाही, रसायन लागत नाही आणि परदेशी परवानाही लागत नाही. घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारावा लागतो. आतड्याच्या कर्करोगाबाबत तो प्रश्न आपली सार्वजनिक आरोग्ययंत्रणा विचारीतच नाही, ही माझी तक्रार आहे.

हे मी रूपकाने म्हणत नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी एक पत्रिका घरोघरी जाऊन भरली जाते. देशभर हे काम आशा कार्यकर्ती करते, आमच्या छत्तीसगडमध्ये मितानिन करते. त्या पत्रिकेत वय आहे, तंबाखू आहे, मद्य आहे, कमरेचा घेर आहे, व्यायाम आहे. शेवटी कौटुंबिक इतिहासही आहे: आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला उच्च रक्तदाब, मधुमेह अथवा हृदयरोग आहे काय? प्रश्न तेथेच संपतो. त्यात कर्करोग हा शब्द नाही. म्हणजे कार्यकर्ती दारात उभी आहे, कागद हातात आहे, माणूस उत्तर द्यायला बसला आहे, कुटुंबाचा विषयही निघालेला आहे. आणि नेमक्या त्या क्षणी आपण गप्प बसतो. त्याच कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी समाविष्ट आहे. आतड्याची नाही.

आतड्याची तपासणी सरसकट नसण्याला कारण आहे आणि ते कारण योग्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नाहीतर वाद सोपा होतो आणि खोटाही होतो. मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना होतो. भारतात हा आकडा साठ हजारांहून अधिक असला, तरी लोकसंख्येच्या प्रमाणात आपला दर युरोपच्या कित्येक पटींनी कमी आहे. आता उदाहरणापुरते समजा की दहा हजार माणसांत दहांना हा रोग आहे. विष्ठेतील मानवी रक्ताचा सूक्ष्म अंश शोधणारी 'फिट' नावाची चाचणी त्यांपैकी साधारण आठांना पकडते. पण त्याच वेळी निरोगी माणसांपैकी शेकडा पाच-सहांकडेही बोट दाखवते. म्हणजे आठ खरे रुग्ण आणि त्यांच्यासोबत कोलोनोस्कोपीच्या रांगेत पाच-सहाशे निरोगी लोक. ज्या राज्यात पोटविकारतज्ज्ञ रायपूर, बिलासपूर, भिलाई अशा मोजक्या शहरांत एकवटलेले आहेत आणि जगदलपूरच्या माणसाला रायपूर गाठायला सुमारे तीनशे किलोमीटर यावे लागते, तेथे ही रांग उभी करणे म्हणजे खऱ्या रुग्णाला मागे ढकलणे होय. युरोपातही सरसकट कोलोनोस्कोपीचे फळ अपेक्षेहून माफक निघाले. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांनंतर रोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी आढळले आणि निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणीस आले ते केवळ ४२ टक्के. तेव्हा प्रत्येक भारतीयाच्या आतड्यात दुर्बीण घाला, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला आहे.

पण याच गणिताची दुसरी बाजू पाहा. ज्याच्या आईला, वडिलांना, सख्ख्या भावाला वा बहिणीला हा कर्करोग झाला आहे, त्याचा स्वतःचा धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दुप्पट असतो. नातेवाइकाला पन्नाशीच्या आत झाला असेल तर तिपटीकडे जातो. अशा लोकांच्या दहा हजारांच्या गटात दहाऐवजी तीस रुग्ण धरा. तीच चाचणी आता चोवीस खरे रुग्ण शोधील आणि रांग मात्र जवळजवळ तेवढीच राहील. चाचणीची गुणवत्ता तसूभरही बदललेली नाही. बदलला तो चाचणीपूर्वीचा अंदाज. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षीण संकेत शोधताना आम्ही आधी विचारतो की तो कोठे असण्याची शक्यता जास्त आहे. सगळ्या आकाशावर सारखीच नजर फिरवीत बसत नाही. शिवाय त्या रांगेतील 'निरोगी' माणसांपैकी अनेकांच्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेले मांसल उंचवटे, सापडतात आणि तपासणीच्या वेळीच ते काढता येतात. सर्वसाधारण पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. कर्करोग लवकर शोधणे आणि कर्करोग होऊच न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतडे हा शरीरातील अशा थोड्या अवयवांपैकी एक आहे, जेथे दुसरी गोष्टही शक्य आहे.

म्हणूनच 'भारतात हा रोग कमी आहे' हे उत्तर सर्वांसाठी बरोबर आणि या कुटुंबांसाठी चूक आहे. सरासरी ही लोकसंख्येची असते. बहिणीच्या शस्त्रक्रियेचा कागद हातात घेऊन उभा असलेला भाऊ त्या सरासरीत राहत नाही. धोरणकर्त्यांनी एका योग्य निर्णयाची सावली जेथे पडायला नको तेथेही पडू दिली आहे.

काही कुटुंबांत तर दुप्पट-तिप्पट ही भाषाही अपुरी पडते. अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील विकृतिशास्त्रज्ञ अ‍ॅल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ साली त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले होते की आपल्या घरातील माणसे आतड्याच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, तशी आपणही जाऊ. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कर्करोगाने, ऐन तारुण्यात. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ १९१३ साली प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशाच घराण्यांचा चिकाटीने पाठपुरावा केला. आज या विकाराला त्यांचेच नाव आहे. त्यामागचे पहिले जनुक सापडायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले. क्रम ध्यानात घ्या: आधी बाईचे बोलणे, मग वंशावळ आणि सुमारे शंभर वर्षांनी जनुक. जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्रांच्या कौतुकात आपण हा क्रम विसरलो आहोत.

लिंच विकारात पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएच्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच दुबळी असते. आईवडिलांपैकी एकाकडे हा दोष असला तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. सुमारे तीनशे माणसांमागे एकाकडे तो असावा असा पाश्चात्त्य अभ्यासांचा अंदाज आहे. यात आतड्याचा कर्करोग चाळिशीत, कधी तिशीतही होतो आणि पॉलिपपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास दहा वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांत उरकू शकतो. म्हणून विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी सांगितली जाते. येथे 'फिट'वर विसंबून भागत नाही. त्याचा उपयोग होतो काय? फिनलंडमध्ये अशा २२ कुटुंबांतील २५२ व्यक्तींवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. नियमित तपासणी करणाऱ्या १३३ जणांपैकी आठांना कर्करोग झाला आणि त्या रोगाने कोणीही दगावले नाही. तपासणी न करणाऱ्या ११९ पैकी एकोणीस जणांना झाला आणि नऊ दगावले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, लोकांनी आपापल्या इच्छेने निवड केली होती, हा त्या अभ्यासाचा दोष आहे आणि विद्यार्थ्यांनी तो नोंदवून ठेवावा. तरीही शून्य आणि नऊ यांतील अंतर केवळ त्या दोषाच्या खाती टाकणे मला तरी शक्य वाटत नाही.

या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक आढावा वाचण्यासारखा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यातील आठशे रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते; पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने साठीनंतरचा मानला जातो. घाईने निष्कर्ष काढू नये. आपला देशच तरुण आहे, आणि मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंत तरुण रुग्ण अधिक पोहोचतात. सरासरी खाली येण्यात या दोन्हींचा वाटा असणारच. पण कारण काहीही असो, पंचेचाळीस वर्षांचा रुग्ण मरताना विशीतली मुले आणि चाळिशीतली भावंडे मागे ठेवतो. त्यांना पुढे काय करायचे ते कोण सांगते? बहुधा कोणीच नाही. रुग्णाला सोडताना औषधांची यादी, पथ्य आणि पुढच्या भेटीची तारीख मिळते. नातेवाइकांसाठी एका ओळीची सूचनाही नसते.

छत्तीसगडला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. सिकलसेलचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. रायपुरात या रोगासाठी स्वतंत्र संस्था आहे. गावोगावी बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, वाहक कोण हे कार्डावर लिहिले जाते, लग्नापूर्वी कार्डे जुळवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे आनुवंशिकता, वाहक, अपत्यांतील शक्यता या कल्पना खेड्यातील माणसाला समजावून सांगणारी माणसे या राज्याने तयार केली आहेत. मितानिन कार्यक्रम तर २००२ साली, देशात आशा योजना येण्यापूर्वीच, येथे सुरू झाला. आज सुमारे सत्तर हजार मितानिन काम करीत आहेत. ज्या मितानिनीला सिकलसेलचा वाहक समजावता येतो, तिला 'तुमच्या सख्ख्या नात्यात कोणाला आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता काय, आणि कितव्या वर्षी?' हा प्रश्न विचारता येणार नाही, हे मानायला मी तयार नाही.

प्रश्न विचारला तरी उत्तर मिळेल काय, ही शंका मात्र खरी आहे. आपण मराठी माणसे वंशावळींविषयी फार हौशी. रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनी भागांतील कित्येक मराठी घरांतही कुलवृत्तांत जपून ठेवलेला आढळेल. मूळ पुरुष कोण, कोकणातून वा देशावरून घराणे कधी निघाले, नागपूरकर भोसल्यांच्या काळात पूर्वेकडे कोण आले, रेल्वेत वा कचेरीत कोण लागले, हे सारे त्यात असते. माणूस कशाने गेला हे नसते. मुलीची नोंद तर बहुधा तिच्या लग्नाच्या एका ओळीवर संपते. तिच्या पुढच्या पिढ्या दुसऱ्याच्या कुळात मोजल्या जातात. जनुके ही शिस्त पाळीत नाहीत. ती मुलीकडूनही तितकीच जातात, आणि लिंच विकारात तर घराण्यातील पहिली खूण पुष्कळदा एखाद्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या कर्करोगाच्या रूपाने दिसते. आत्या 'बायकांच्या आजाराने' गेली आणि काका 'पोटाच्या आजाराने' गेले. दोघांना एकाच दोषाने नेले असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण दोन्ही वाक्ये मुद्दामच धूसर ठेवलेली असतात. मुलामुलींच्या लग्नात अडचण येईल ही भीती त्यामागे असते. ती भीती मूर्खपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. जनुकीय माहितीवरून नोकरीत वा आरोग्यविम्यात भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेने २००८ साली स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. लोकांनी बोलावे असे वाटत असेल, तर बोलण्याची किंमत आधी कमी केली पाहिजे.

या मौनाचा फायदा घेणारे मात्र मौन पाळत नाहीत. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर शस्त्रक्रियेविना मूळव्याध-भगंदर बरे करण्याच्या जाहिराती पाहा. शौचावाटे रक्त पडणारा चाळिशीतला माणूस सहा-आठ महिने तेथे घालवतो, आणि रक्त पडण्याचे कारण बहुतेकदा मूळव्याधच असते, हीच यातली अडचण आहे. ज्याला कौटुंबिक इतिहास आहे त्याच्यासाठी ते 'बहुतेकदा' पुरेसे नसते. दुसऱ्या टोकाला सुशिक्षितांची फसवणूक आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात सीईए नावाची रक्तचाचणी कर्करोग तपासणी म्हणून घातली जाते. उपचार झालेल्या रुग्णाच्या देखरेखीसाठी ती उपयोगी आहे. निरोगी माणसात आतड्याचा कर्करोग लवकर शोधण्यासाठी ती निरुपयोगी आहे. तो आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होणारा भाऊ हा त्या पॅकेजचा बळी होय. (आणि अशी पॅकेजे सर्वाधिक कोण विकत घेतो? विज्ञान शिकलेले आमच्यासारखेच लोक.)

पैशाच्या बाबतीतही शासनाची भूमिका उफराटी आहे. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. कर्करोग झाल्यावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी यांसाठी ती योजना पुढे येते आणि यावेच. पण त्याच रुग्णाच्या धडधाकट बहिणीच्या कोलोनोस्कोपीसाठी ती आखलेलीच नाही. ती बहीण स्वतः रुग्ण होईपर्यंत वाट पाहणे, हे आजचे धोरण आहे. असे कोणी लिहून ठेवलेले नाही, एवढेच.

मग करायचे काय? इंग्लंडमध्ये २०१७ पासून आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची गाठ लिंच विकारासाठी तपासावी अशी शिफारस आहे, आणि लिंच असलेल्यांची कोलोनोस्कोपी २०२३ पासून तेथील राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमातच आली. ही गाठीची तपासणी म्हणजे जनुकक्रम वाचणे नव्हे. दुरुस्ती यंत्रणेची चार प्रथिने गाठीत आहेत की नाहीत, हे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खर्च काही हजार रुपये. ती रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रात आणि एम्समध्ये प्रत्येक रुग्णासाठी विनामूल्य व नियमाने व्हावी. ज्यांच्यात दोष दिसेल त्यांच्याच कुटुंबांची जनुकीय चाचणी करावी. आज अशा कुटुंबाला पुढचा सल्ला हवा असेल तर गीतांजली एक्सप्रेसने अकराशे किलोमीटरवरची मुंबई गाठून खारघरच्या किंवा परळच्या दारात उभे राहावे लागते. हा सल्ला देणारा एक प्रशिक्षित समुपदेशक रायपुरात नेमणे राज्याला न परवडणारे नाही.

उरलेल्यांसाठी, म्हणजे जेथे लिंच नाही पण जवळच्या नात्यात रोग आहे त्यांच्यासाठी, स्वस्त मार्गही उपलब्ध आहे. स्पेनमध्ये रुग्णांच्या सुमारे एकोणीसशे सख्ख्या नातेवाइकांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन वर्षे दरवर्षी केलेली 'फिट' ही एकदा केलेल्या कोलोनोस्कोपीच्या तोडीची ठरली. ते भारतात लागू पडेल काय, हे भारतातच तपासले पाहिजे, आणि तसे तपासण्याची परंपरा आपल्याकडे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील डॉक्टरांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची चाचणी करून दाखवून दिले की एकच एचपीव्ही तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. २००९ साली सगळ्या जगाने ते वाचले. खेड्यात, कमी साधनांत, आपल्याच माणसांवर, आपल्याच प्रश्नाचे उत्तर काढले गेले होते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असाच अभ्यास मध्य भारतात का होऊ नये? 'जीनोम इंडिया'चा खरा उपयोगही अशा कामातच आहे. आज भारतीय रुग्णाच्या जनुकीय अहवालात पुष्कळदा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, कारण तो बदल निरोगी भारतीयांत किती आढळतो हे ठाऊक नसते. दहा हजार निरोगी जनुकसंच ती अनिश्चितता कमी करू शकतात. पण त्यासाठी मुळात रुग्ण आणि त्याचे कुटुंब कोणीतरी शोधून आणलेले असले पाहिजे.

पत्रिकेतील तो प्रश्न बदलेपर्यंत विद्यार्थी मित्रांनी थांबण्याचे कारण नाही. या सुट्टीत घरी जाल तेव्हा तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा, आजोळसुद्धा. प्रत्येकापुढे आजार आणि तो झाला तेव्हाचे वय लिहा. वय विसरू नका, सल्ला त्यावरच ठरतो. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एकाला साठीच्या आत आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर प्रचलित शिफारस अशी की चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी आणि दर पाच वर्षांनी पुन्हा. म्हणजे भावाला बेचाळिसाव्या वर्षी झाला असेल तर तुमची बत्तिसाव्या वर्षी. एकाहून अधिक पिढ्यांत आतड्याचे वा गर्भाशयाचे कर्करोग दिसत असतील, किंवा कोणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर डॉक्टरांकडे लिंचचे नाव स्वतःहून काढा. शस्त्रक्रिया झालेल्या नातेवाइकाचा विकृतिशास्त्राचा अहवाल सांभाळून ठेवा. त्याच्या गाठीचा मेणात घट्ट केलेला तुकडा रुग्णालये काही वर्षे जपून ठेवतात. माणूस हयात नसला तरी त्या तुकड्यावर ती चार प्रथिनांची तपासणी करता येते. तो तुकडा टाकून दिला जाण्यापूर्वी अर्ज करून मागून घ्या.